टेकू

आमच्या इमारतीत लिफ्ट नव्हती, पण लिफ्टचं भोक होतं. बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, चार मजल्यांची इमारत. बिल्डरनं तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चौकोनी पोकळी ठेवली, प्रत्येक मजल्यावर तिला जाळीचं दार लावलं, ‘लिफ्ट पुढच्या महिन्यात’ असं सांगून चाव्या वाटल्या आणि असा नाहीसा झाला, की बहुधा त्याच भोकातून पाताळात उतरला असावा. त्या पोकळीनं आमच्या पोरांचे किमान नऊशे चेंडू गिळले. तिचा उपयोग एकच, आवाज वाहून नेणं. तळमजल्यावर नवराबायकोचं भांडण लागलं की चौथ्या मजल्यावरून निकाल यायचा.

लिफ्ट आली नाही म्हणून ती जागा मी घेतली.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर. लहानपण लालबागच्या चाळीत आणि तिथल्या तालमीत गेलेलं. छाती अशी, की शर्टाचं बटण तुटलं तर समोरच्याचा डोळा जायचा. गॅसचे दोन सिलिंडर दोन खांद्यांवर आणि रेशनची पिशवी दातात धरून मी चार मजले चढत असे, असं मी सांगत असे. पिशवीचं खोटं आहे. सिलिंडरही एका वेळी एकच. पण एक तर एक, शिट्टी वाजवत न्यायचो. एकदा डोंगरातून बिबट्या आमच्या कंपाउंडात आला आणि मला बघून शेपूट घालून परत गेला, हीसुद्धा माझीच गोष्ट. बिबट्या आला होता हे खरं. मी त्या वेळी अंधेरीला कामावर होतो हेही खरं.

पण माझं खरं काम खुर्चीचं. आमच्याकडे आजारी माणूस जिन्यावरून खाली न्यायचा म्हणजे खुर्चीत बसवून न्यायचा. सोसायटीच्या ऑफिसात एक सागवानी हातांची खुर्ची होती. माणसाला तीत बसवायचं, जुन्या लुगड्यानं पोटाशी बांधायचं. एकानं मागून पाठ धरायची, दुसऱ्यानं पुढचे दोन पाय धरून उलट्या पावलांनी जिना उतरायचा. आमचा जिना इतका अरुंद, की तिसरा माणूस मावायचाच नाही. खालच्यावर सगळं वजन येतं. खालची बाजू अर्थातच माझी.

दर गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना स्टेशनजवळच्या दवाखान्यात शेकायला न्यायचं असे. काका मालवणकडचे. जन्मभर गिरणीत जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारे मुकादम, होते; माझ्या वडिलांना गिरणीत चिकटवलं ते त्यांनीच. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढा शिव्यांचा खजिना असलेला माणूस, त्यातला एकच शब्द शिल्लक राहिला, “व्हय.” भूक लागली का काका? व्हय. पोट भरलं का? व्हय. पंखा बंद करू का? व्हय. मग चालूच ठेवू? व्हय. आम्ही हसायचो, तेही हसायचे, अर्ध्या तोंडानं.

त्या माणसानं एक गोष्ट मात्र कमावली होती. डाव्या हातानं जेवायला शिकले होते. आता वाचणाऱ्याला वाटेल त्यात काय. पण सत्तर वर्षं ज्या हातानं ताटाला शिवायचं नाही, त्या हातानं घास उचलायचा म्हणजे काय ते काकींना विचारा. पहिले दोन महिने ते लाजेनं भिंतीकडे तोंड करून जेवले. अंगावर सांडायचं, काकी पुसायच्या. वर्षभरानं काका घरात आल्यागेल्यासमोर माशाचा काटासुद्धा डाव्या हातानं काढून दाखवायला लागले. काकी सगळ्यांना सांगायच्या, “आता माझा काय्येक काम नाय. आपल्या हातान जेवतत.”

खुर्चीची वरची बाजू धरायला पहिल्या मजल्यावरचा एक जण यायचा. तार ऑफिसात कारकून, वऱ्हाडाकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि अंगानं इतका किडकिडीत, की उन्हात उभा राहिला तर सावली पडावी की नाही याचा सूर्याला विचार करावा लागे. त्याची पाळी दुपारची आणि माझ्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमची जोडी जमली.

पहिल्याच दिवशी त्यानं नियम घातला. “हे पाहा भाऊ, जो दमेल त्यानं ‘टेकव’ म्हणायचं. दुसऱ्यानं लगेच टेकवायचं. का म्हणून विचारायचं नाही.”

“मी कशाला म्हणेन?” मी म्हणालो.

“नका म्हणू. मी म्हणीन ना.”

आणि म्हणायचा. प्रत्येक वळणावर. “टेकवा भाऊ.” खुर्ची टेकायची, तो कमरेवर हात ठेवून मोकळा श्वास घ्यायचा, काकांच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालानं पुसायचा, आणि म्हणायचा, “चला.” लाज नाही, संकोच नाही. मी तेवढा वेळ खुर्चीचे पाय हातातच धरून उभा राहायचो, गंमत म्हणून. तीन मजल्यांत तो चार वेळा टेकायचा, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं टेकू. इमारतभर झालं. पोरंसुद्धा म्हणायची, “टेकूकाका आले, टेकूकाका गेले.” तो हसायचा. एकदा म्हणाला, “आमच्या गावी भिंत कलली की तिला जे लाकूड लावतात, त्याला टेकू म्हणतात. तुमच्याकडे?” मी म्हणालो, “आमच्याकडे भिंती कलत नाहीत.”

मग माझी कंबर गेली.

एखादं कपाट उचलताना गेली असती तर मी छाती पुढे काढून चारचौघांत सांगितलं असतं. सकाळी दारात पडलेलं वर्तमानपत्र उचलायला वाकलो, आणि तसाच राहिलो. आत्म्यानं वर यायचं ठरवलं, पण कंबर म्हणाली, मी इथंच बरी. बायकोनं दार उघडलं. “अहो, काय शोधताय?”

“बातमी,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं. चिठ्ठीवर लिहून दिलं, वजन उचलू नये, भरलेली बादलीसुद्धा नाही, आणि कमरेला पट्टा बांधावा. त्यांनी विचारलं होतं, “काय उचलत होतात?” मी म्हणालो, “मोठं यंत्र.” डॉक्टरांशीसुद्धा खोटं बोललो. वर्तमानपत्र आठ पानांचं होतं.

पट्टा बनियनच्या आत बांधायला लागलो. बायकोला सांगितलं, कारखान्यानं सगळ्यांना वाटलेत. चिठ्ठी पाकिटात कोंबली. आणि गुरुवार आला तेव्हा खुर्ची उचलली.

का उचलली, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. नाही म्हटलं असतं तर कुणी मारणार नव्हतं. चौथ्या मजल्यावर दोन तरणे भाऊ राहत होते, ते आले असते. शेक एक आठवडा चुकला असता तर काका काही दगावणार नव्हते. मी स्वतःला सांगत होतो, काकांसाठी करतोय, वडिलांच्या भाकरीचं देणं आहे. खरं हे, की गुरुवारी सकाळी दहा वाजता प्रत्येक मजल्यावरची दारं किलकिली व्हायची, बायका म्हणायच्या, “बघा, कसे फुलासारखे नेतात,” आणि तेवढ्यावर मी पुढचा आठवडा काढायचो. कळ घोट्यापर्यंत जायची. तरी तीन गुरुवार मी त्याच फुलावर काढले.

चौथ्या गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरून उतरतानाच माझ्या डाव्या पायातली शक्ती गेल्यासारखी झाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकूनं नेहमीसारखं “टेकवा भाऊ” म्हटलं. खुर्ची टेकली. त्या दिवशी मीही हात सोडून भिंतीला पाठ लावली. त्यानं काकांचा घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. माझा घाम त्यांच्याहून जास्त होता. उचलताना वर सरकलेल्या शर्टाखालून पट्टा दिसत असणार.

तो हळूच म्हणाला, “भाऊ, जरा वेळ बसू. नाहीतर वरून त्या दोघा भावांना हाक मारतो.”

शेजारचं दार उघडं होतं. आत बाई उभी होती. मी मोठ्यानं म्हणालो, “काय रे, दमलास? आज भात नाही का मिळाला? चल उचल!”

त्यानं उचलली.

पाचव्या पायरीवर माझ्या कमरेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. आता इथं मी काही वाढवून सांगत नाही, कारण वाढवायला काही नाहीच. मी हात सोडले. घसरले नाहीत, सोडले. दोन्ही. काकांचं तोंड माझ्याकडे होतं. खुर्चीचे पुढचे पाय खाली आपटले, खुर्ची पुढे कलंडली, आणि काकांनी पडणाऱ्या कुठल्याही माणसासारखा हात पुढे केला. त्यांना पुढे करायला एकच हात होता.

टेकूनं वरून पाठ सोडली नाही. खुर्चीबरोबर तो चार पायऱ्या गुडघ्यांवर फरफटत आला, पण सोडली नाही. म्हणून काका डोक्यावर पडले नाहीत. मी कुठं होतो? मी बाजूला भिंतीला चिकटून बसलो होतो, दोन्ही हातांनी कंबर धरून.

दारं धाडधाड उघडली. पहिल्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले. “काय झालं? कुणी सोडलं?”

मी बोट वर केलं. “ह्यानं! वरून सोडलं ह्यानं!”

टेकूचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीत गुंतलेले होते. त्याला नाही म्हणायला हात हलवणंही शक्य नव्हतं. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं. नंतर म्हणाला, “आधी ह्यांना धरा.”

काकी वरून आल्या. त्यांनी काकांचा लोंबणारा डावा हात बघितला आणि टेकूवर तुटून पडल्या. “हाताक जोर नाय तर धरूक कित्याक इलंस रे, मेल्या?” मग काकांना विचारलं, “ह्येनीच सोडल्यान ना?”

काका माझ्याकडे बघत होते. सगळ्या जिन्यावर ते फक्त माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “व्हय.”

त्यांच्याजवळ दुसरा शब्द नव्हता, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तो पुरावा धरला गेला.

इतक्या पटकन कसा धरला गेला? आमच्या इमारतीत तो एकटा बौद्ध. त्याच्या घरातल्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही. नुसतं “आपण आधीच सांगत होतो” एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं कळत होतं. आणि मी बोट दाखवलं तेव्हा हे मला माहीत होतं का? आज इतक्या वर्षांनी लिहितोय म्हणून लिहितो. बोट वर करताना मला आत कुठंतरी खात्री होती, की हे खपेल. फिटर आहे मी. कुठला नट कुठं बसतो ते हाताला आपोआप कळतं.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे. हसू नका. कंबर लपवायची आता गरजच उरली नव्हती! कोसळणारी खुर्ची मी छातीवर झेलली म्हणून माझा मणका सरकला, असं सगळ्यांना कळलं. मीच कळवलं. पहिल्या दिवशी मी खुर्ची छातीवर झेलली होती, तिसऱ्या दिवशी एका हातानं झेलली, आणि आठवड्यानं खुर्ची एका हातात, काका दुसऱ्या हातात, असं झालं. शेजारून शिरा आला. खालून कसलंसं गुणकारी तेल आलं. चौथ्या मजल्यावरचे दोघे भाऊ मला दुधाच्या केंद्रावरून बाटल्या आणून द्यायला लागले. मी पलंगावर पडून गोष्ट सांगायचो आणि ऐकणारे “अरे बापरे” म्हणायचे.

भोकानं चेंडू गिळला की पोरं टेकूकडे नवा मागायची, ते बंद झालं. हळदीकुंकवाचं बोलावणं त्याच्या बायकोला आलं नाही. खुर्ची आता चौथ्या मजल्यावरचे दोघे भाऊ धरायचे. आणि ‘टेकू’ हे नाव, जे मी थट्टेनं ठेवलं होतं, ते लोक आता वेगळ्या आवाजात म्हणायचे.

काकांचं प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघालं. म्हातारं हाड, जुळलं पण वाकडं जुळलं. बोटं मिटेनात. काकी पुन्हा भरवायला लागल्या. हे मला बायकोनं सांगितलं, कपडे भिजवता भिजवता. आणि त्याच हातानं तिनं माझ्यासमोर एक ओलसर कागद धरला. डॉक्टरांची चिठ्ठी.

“ह्याच्यावरची तारीख काकांच्या पडण्याच्या आधीची आहे,” ती म्हणाली. “आणि पट्टाही कारखान्यानं वाटलेला नाही. तुमच्या कारखान्यातल्या मित्राच्या बायकोला विचारलं मी.”

मी म्हणालो, “अगं, त्याचं असं झालं—”

“मला गोष्ट नको,” ती म्हणाली. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. माझ्या गोष्टीला ती पहिल्यांदाच नको म्हणाली.

त्या रात्री टेकू पाळीवरून आल्यावर मी पहिल्या मजल्यावर गेलो. टेकू दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. मी म्हणालो, “चूक माझी होती. मी सोडलं.”

“हे मला काय सांगता भाऊ?” तो म्हणाला. “मला माहीत आहे ना.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“बोललो. सेक्रेटरींना बोललो, काकींना बोललो. दोनदोनदा बोललो. तुमचा आवाज मोठा पडला.” मग म्हणाला, “तुमचा पट्टा दिसला होता मला. म्हणून म्हटलं होतं, बसू जरा. कुणी हसलं नसतं.”

दार त्यानं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी गच्चीवर सोसायटीची सभा होती. विषय, अर्थातच, लिफ्ट. मी ठरवून गेलो. चिठ्ठी खिशात. टेकू मागच्या बाजूला आपली घडीची खुर्ची घेऊन बसला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “काकांच्या त्या प्रकारात त्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती.”

सेक्रेटरी उठून उभे राहिले. “बघा मंडळी! ह्याला म्हणतात मन! स्वतःची कंबर मोडून घेतली, आणि वर दुसऱ्याचा दोष अंगावर घेतोय!”

टाळ्या. चौथ्या मजल्यावरच्या धाकट्या भावानं तर शिट्टी मारली. मी म्हणालो, “नाही, नाही, तसं नाही,” पण नाही नाही म्हणण्याची माझी लकब लोकांना पाठ होती. मी बिबट्याच्या गोष्टीतही शेवटी असंच “नाही, नाही, फार काही नाही” म्हणत असे. जन्मभर वाढवून सांगितल्यावर एक दिवस खरं सांगितलं, तर तेही वाढवूनच निघालं.

पण चिठ्ठी होती ना. खिशात हात घातला की झालं. तारीख, सही, शिक्का, सगळं होतं. हात खिशात गेलासुद्धा. कागद बोटांना लागला. लोक टाळ्या वाजवत होते, एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तो हात रिकामाच बाहेर काढून नमस्कार केला.

मागं टेकूनं आपली घडीची खुर्ची मिटली आणि काखेत घेऊन तो जिना उतरला. मधे कुठं टेकला नाही.

खुर्ची सोडली तेव्हा कमरेनं दगा दिला होता. बोट दाखवलं ते घाबरून, असंही एक वेळ म्हणू. पण ह्या नमस्काराला माझ्याजवळ काहीच सबब नाही. कंबर ठीक होती, कुणी दमवलेलं नव्हतं, विचार करायला वेळ होता. आजही गच्चीवर टाळ्या ऐकल्या की माझा हात खिशाकडे जातो.

तीन दिवस तो कागद खिशात घेऊन अंधेरीला गेलो आणि आलो. चौथा दिवस गुरुवार. सकाळी, खुर्ची निघायच्या आधी, तिसऱ्या मजल्यावर गेलो. काका पलंगावर तक्क्याला टेकून बसले होते, काकी स्टुलावर, हातात पेजेची वाटी. मला बघून काकींचा चेहरा खुलला, त्यानं मला आणखीच मेल्यासारखं झालं.

“इलंस? बस, टेक जरा. कंबर कशी आसा?”

मी टेकलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ह्या वेळी चिठ्ठी आधी काढली. काकींना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवली, तारखेसकट, बादलीसकट. वर्तमानपत्राचंही सांगितलं. मी सोडलं, वरून त्यानं धरून ठेवलं, आणि मी खोटं बोललो. “सभेतही चिठ्ठी खिशात होती,” म्हणालो, “काढली नाही.”

काकींनी वाटी मांडीवर ठेवली. मग त्यांनी काकांकडे बघितलं. “खरा काय ह्या?”

“व्हय,” काका म्हणाले.

तोच शब्द, पण काकींनी ह्या वेळी त्यांच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता वाटी माझ्या तोंडावर येणार. मी तयार होतो. आली असती तर मी ती गोष्ट चार ठिकाणी सांगितली असती.

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली.

“घे. तू भरव. सावकाश, घाईन दिलंस तर ठसको लागता.” आणि पदर खोचून बाहेर पडल्या.

मी स्टुलावर बसलो. चमचा भरला, काकांच्या तोंडाशी नेला. अर्धं तोंड चालत नव्हतं, पेज ओघळायची. ती चमच्यानंच टिपून पुन्हा द्यायची. मग गिळेपर्यंत थांबायचं. गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ओळखायचं. मग पुढचा चमचा. काकांचा डावा हात चादरीवर पडला होता, बोटं वाकडी, अर्धवट उघडी, काहीतरी धरायला निघालेली. आणि काका माझ्याकडे बघत होते. जिन्यावर बघत होते तसेच. राग नव्हता त्यात. असता तर मला कुठं बघावं ते कळलं असतं.

तेवढ्यात लिफ्टच्या भोकातून आवाज वर आला. काकी पहिल्या मजल्यावर पोचल्या होत्या. सांगितलं ना, त्या पोकळीतून सगळं ऐकू यायचं.

“झिला, दार उघड! मी हय. माका माफ कर रे. आमी तुझ्यावर खोटो आळ घेतलो. मी मेलंय काय काय बोललंय तुका!”

टेकू काहीतरी हळू बोलला, ते ऐकू आलं नाही. काकी मात्र बोलत राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन, चिठ्ठीचं, पट्ट्याचं, टाळ्यांचं. मालवणी बाईचा आवाज तो, त्याला सभा लागत नाही. एकेक जाळीचं दार करकरलं. कुणीतरी चौथ्या मजल्यावरून विचारलं, “काय? काय झालं?” आणि दुसऱ्यावरून कुणीतरी त्यांना सांगितलं. माझ्या इतक्या वर्षांच्या सगळ्या गोष्टी ज्या भोकातून इमारतभर गेल्या होत्या, त्यातूनच ही गेली. ह्या खेपेला एका शब्दानंही वाढली नाही.

मी भरवत होतो. वाटी अजून अर्धीही संपली नव्हती. हात सारखा अधांतरी धरायचा, सांडू द्यायचं नाही, घाई करायची नाही. सिलिंडर उचललेला माझा दंड थरथरायला लागला. खांद्यापासून कोपरापर्यंत कळ आली. चमच्यातली पेज हलायला लागली. दात ओठ खाऊन आणखी दोन घास काढता आले असते. मग चमचा काकांच्या दातांवर आपटला असता.

“काका,” मी म्हणालो, “हात भरून आला माझा. जरा टेकवतो.”

“व्हय,” काका म्हणाले.

मी चमचा वाटीत ठेवला, वाटी स्टुलावर टेकवली, आणि रुमालानं त्यांची हनुवटी पुसली.